अंतराळयुद्धाच्या कथेतील क्षेपणास्त्र: जहाजाच्या आज्ञेतले की स्वतः लक्ष्य शोधणारे?

निपाणीतील आमच्या लेखनमंडळातली एक तरुण मैत्रीण दिवाळी अंकासाठी अंतराळातील आरमारी युद्धाची कथा लिहीत आहे. क्षेपणास्त्रांना जहाजावरून दिशा द्यावी की त्यांनी लक्ष्य स्वतः शोधावे, हे तिला ठरवायचे आहे. माझ्या मते हा निर्णय दोन आरमारांमधील अंतर पाहूनच घ्यावा.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. शत्रू ३० लाख किलोमीटरवर असेल, तर जहाजाला दिसते ती त्याची १० सेकंदांपूर्वीची जागा, आणि त्यावरून दिलेली आज्ञा शत्रूजवळ गेलेल्या क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचायला आणखी १० सेकंद लागतात. या एकूण २० सेकंदांत पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने मार्ग बदलणारे जहाज अपेक्षित जागेपासून जवळजवळ २ किलोमीटर सरकलेले असते. काहीशे किलोमीटरच्या झुंजीत मात्र हा विलंब नगण्य ठरतो आणि शेवटच्या क्षणी हल्ला मागे घेणारा कप्तान कथेत रंगवता येतो. तसा प्रसंग हवा असेल, तर आज्ञेतले क्षेपणास्त्रच घ्यावे.

स्वतः लक्ष्य शोधणाऱ्या क्षेपणास्त्राचे तत्त्व आपल्याकडे हंगामात रोज दिसते. शेतवाटेने मोटारसायकलवरून हमरस्त्याकडे येताना उसाचा ट्रॅक्टर सतत एकाच दिशेला दिसत राहिला आणि मोठा होत गेला, तर टक्कर अटळ असते. आपण ती टाळतो, क्षेपणास्त्र ती साधते: लक्ष्याकडची दृष्टिरेषा जितक्या वेगाने फिरेल, त्या प्रमाणात ते स्वतःचा मार्ग वळवते. १९५० च्या दशकातील साइडविंडर हे विमानातून डागायचे अमेरिकी क्षेपणास्त्रही याच तत्त्वावर चाले; पण त्याला वळायला हवा आणि पंख होते. निर्वातात पंख निरुपयोगी असल्याने प्रत्येक वळणाला इंधन खर्ची पडते, आणि नवे लेखक नेमके हेच विसरतात, याची मला मनापासून खंत वाटते.

लक्ष्य शोधण्यासाठी मी रडारपेक्षा उष्णतेचा वेध पसंत करेन. अंतराळाची पार्श्वभूमी सुमारे ३ केल्विन इतकी थंड असल्यामुळे पेटलेले इंजिन तिथे लपत नाही, तर रडारचा पल्ला दुप्पट करायला १६ पट शक्ती लागते आणि क्षेपणास्त्राचा ठावठिकाणाही उघड होतो. फसवे उष्ण गोळे सोडून शत्रू त्याला चकवू शकतो, हा धोका खराच.

मैत्रिणीच्या कथेत आरमारे लाखो किलोमीटर दूर आहेत, म्हणून मी तिला दुसरा प्रकार सुचवला. क्षेपणास्त्रांनी सुरुवातीला वेग घ्यावा, इंजिन बंद करून थंडपणे वाहत जावे, आणि राखलेले इंधन अखेरच्या वळणांसाठी वापरून सर्वांनी एकाच क्षणी पोहोचावे, म्हणजे शत्रूच्या तोफांना एकेक टिपायला उसंत मिळणार नाही.