शाखांचे लॉग सांगलीत आणायचे कसे: यूडीपी, टीसीपी, टीएलएस की शाखेतच रिले?

मुख्यालय सांगलीत, शाखा विटा, तासगाव, जत आणि शिराळ्यात, अशी एखादी पतसंस्था धरा. प्रत्येक शाखेत एक राउटर, एक-दोन स्विच, कुठे फायरवॉल. सगळ्यांचे सिसलॉग (उपकरणं स्वतःहून पाठवतात त्या घडामोडींच्या नोंदी) एका सर्व्हरवर हवेत. पर्याय बरेच आहेत, पण बघायचं एकच: लाईन बंद असताना मेसेज थांबतो कुठे?

यूडीपी, पोर्ट 514, सगळ्यात सोपं: मेसेज पाठवायचा, पोहोचला का ते बघायचं नाही. सर्व्हरचा आयपी टाका, मेसेजची पातळी 6 म्हणजे इन्फर्मेशनल ठेवा (7 वर डीबगचा कचरा येतो), सोर्स इंटरफेस (मेसेज उपकरणाच्या कोणत्या पत्त्यावरून निघायचे ते) ठरवून द्या, झालं. मुख्यालयाच्या लॅनमध्ये याहून जास्त काही लागत नाही. शाखेत मात्र पंचाईत होते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की 'लिंक डाउन'चा मेसेज त्याच तुटलेल्या लिंकवरून निघतो आणि वाटेतच संपतो. राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, तो असतो, पण लाईट गेली की तोही पुसला जातो. म्हणजे नेमका हवा तोच लॉग नाही.

साध्या टीसीपीमध्ये पाकीट हरवलं तर पुन्हा जातं. पण कनेक्शन अचानक तुटलं तर वाटेत असलेले मेसेज तरीही हरवतातच. सिस्कोची एएसए फायरवॉल असेल तर आणखी एक खोच आहे: टीसीपी सिसलॉगचा सर्व्हर बंद पडला की ती नवीन कनेक्शनच अडवते. लॉग सर्व्हरला अपडेट करायला घेतलं आणि शाखेचं कामकाज ठप्प! 'लॉगिंग परमिट-होस्टडाउन' ही ओळ आधीच टाकून ठेवा.

टीएलएस, पोर्ट 6514, म्हणजे टीसीपीच, पण मजकूर कूटबद्ध करून आणि सर्टिफिकेटने ओळख पटवून. लॉगमध्ये युजरनेम आणि आतले आयपी असतात, त्यामुळे उघड्या इंटरनेटवरून पाठवायचे तर हेच हवं. शाखांना आधीच व्हीपीएन असेल तर यातून फारसं वाढीव काही मिळत नाही, सर्टिफिकेट सांभाळायचा व्याप मात्र वाढतो. घड्याळाची बॅटरी नसलेला छोटा राउटर लाईट आल्यावर 1970 सालात जागा होतो. त्याच्या लेखी सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे वेळ जुळेपर्यंत लॉग बंद.

म्हणून शाखांसाठी आमचं मत रिलेला, म्हणजे शाखेतच लॉग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राला. जुना पीसी, लिनक्स आणि आरसिसलॉग हा लॉग घेणारा-पाठवणारा प्रोग्राम. उपकरणं लॅनवर त्यालाच यूडीपीने पाठवतात आणि तो पुढे टीसीपी किंवा टीएलएसने सांगलीला. यात डिस्कवरची क्यू (न गेलेल्या मेसेजची रांग) चालू करणं हाच खरा मुद्दा: क्यूला फाइलचं नाव द्या, बंद होताना साठवण्याचा पर्याय चालू ठेवा आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या उणे 1 ठेवा, म्हणजे तो कधीच हार मानत नाही. सेकंदाला 5 मेसेज, प्रत्येकी 200 बाइट धरले तर दिवसाला सुमारे 86 एमबी. क्यूच्या फाइली मूळ मेसेजपेक्षा फुगतात, तरी 3 जीबीत आठवडा सहज निघतो. एवढी मुदत कशाला? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं ते आठवा. सर्व्हर वरच्या मजल्यावर असला तरी वीज तोडलेली असते. रास्पबेरी पाय वापरणार असाल तर एसडी कार्डवर क्यू नको, यूएसबीला एसएसडी लावा.

मुख्यालयात सेकंदाला एकूण 50 मेसेज येत असतील तर दिवसाला 864 एमबी, 180 दिवसांचे सुमारे 155 जीबी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत हीच 180 दिवसांची मुदत आहे, आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) जुळवायलाही सांगितलं आहे. लॉगरोटेट या लिनक्सच्या प्रोग्रामने रोज फाइल दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवली तर जागा पुष्कळ वाचते. सिस्कोच्या मेसेजमध्ये तारखेआधी चांदणी (*) दिसली तर समजा, त्या उपकरणाच्या वेळेवर भरवसा ठेवता येणार नाही.

बसवून झाल्यावर शाखेची इंटरनेटची केबल 10 मिनिटं काढा, स्विचचा एखादा पोर्ट बंद-चालू करा, केबल परत लावा. पोर्टचा मेसेज मुख्यालयात आला पाहिजे, आणि त्यावर वेळ पोर्ट बंद केल्याची हवी, केबल लावल्याची नव्हे.