वस्तऱ्यावरचा गंज दर वेळी तुमचा दोष नसतो

“तुम्ही दमट जागी ठेवला असेल, त्याला आम्ही काय करणार?” जुना जर्मन वस्तरा ऑनलाइन घेतला आणि दोन महिन्यांत पात्यावर गंज उमटला, की विकणाऱ्याचं हे उत्तर ठरलेलं. परतीची मुदत उलटलेली असते, बाहेर पावसाळा असतो. घेणाऱ्यालाही वाटतं, चूक आपलीच.

समोरच्याच वस्तऱ्याचं घ्या. जर्मनीतल्या सोलिंगन गावचा, पातं ५/८ इंच रुंद आणि दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं, मूठ मधासारखी पिवळी आणि पारदर्शक. आला तेव्हा आरशासारखा लखलखत होता. आता गंज आहे तो फक्त मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर. खिळ्यामागे बाहेर राहणारी पात्याची शेपटी कोरी करकरीत! दमट हवेनं गंज धरला असता तर शेपटी सुटली नसती.

दोष मुठीचा आहे. ती सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची. हे सेल्युलॉइड जुनं होऊन सडू लागलं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात, ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतं आणि मिटलेलं पातं त्यातच पडून राहतं. खुणा अशा: मूठ धुरकट किंवा चिकट, आत बारीक तड्यांची जाळी, पितळी खिळ्याभोवती हिरवट थर, नाकाला झोंबणारा वास. नुसता कापरासारखा वास आला तर घाबरू नका, सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच.

दुसरी लबाडी बफची, म्हणजे फिरत्या कापडी चाकावरच्या पॉलिशची. जुने खड्डे बफिंगच्या मेणात बुजतात आणि फोटोत पातं नवं दिसतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग तेल लावायच्या आधी कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पातं पुसा (ॲसिटोन नको, मूठ विरघळेल) आणि १० पटीच्या भिंगाखाली धार बघा. ताजा गंज नारिंगी असतो, तेलाच्या फडक्यानं निघतो. जुना काळा असतो आणि त्याच्या खड्ड्यात टाचणीचं टोक अडकतं. असा खड्डा धारेलगत असेल तर पथरीवर घेताच तिथली धार तुटते; मग कितीही घासा. बफवर पातं तापून पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलं असेल, तर धार लागते पण टिकत नाही. हे मात्र फोटोत कधीच कळत नाही.

विकत घेण्याआधी मूठ पूर्ण उघडून, बाजूनं उजेड टाकून काढलेले फोटो मागा. खिळ्याजवळचा एक, धारेचा एक. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

सोबत “जपणुकीसाठी” म्हणून चामड्याचं पाकीट गळ्यात मारतात. ते प्रवासापुरतं ठीक. चामडं ओल धरतं. दाढीनंतर पातं पुसा, मुठीच्या फटीतून टिश्यू फिरवा, न्हाणीघराबाहेर २४ तास उघडा ठेवा, मग लिक्विड पॅराफिनचा एक थेंब दोन्ही बाजूंना पसरवा. खोबरेल नको, कालांतरानं खवट होतं. हवाबंद डब्यात निळं सिलिका जेल टाका. गुलाबी झालं की १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा.

सेल्युलॉइडची मूठ मात्र हवाबंद डब्यात कधीच नको, वायू आत कोंडतो आणि शेजारचे वस्तरेही खातो. ती वेगळी, हवेशीर, विस्तवापासून लांब ठेवा. ती भडकन पेटते. चिकट झाली असेल तर खिळे काढून शिसवी मूठ बसवून घ्या.