९० सागरी मैलांचे पैसे, ३१ मैलांचा प्रवास

ट्यूनाच्या मासेमारीला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, तर त्यात फसवणूक काही नसते. उत्तम कप्तानाच्या बोटीवरही असे दिवस येतात आणि ते गृहीत धरूनच आपण पैसे भरतो. मासा लागला नाही याबद्दल म्हणूनच माझी कोणतीही तक्रार नाही. तो ज्या पाण्यात सापडण्याची शक्यता होती, तिथे नेण्याचे पूर्ण पैसे आगाऊ घेऊनही आम्हाला तिथे नेलेच नाही, ही माझी तक्रार आहे. आणि या धंद्यात अशी लबाडी नशिबाच्या नावावर किती सहज खपते, हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जाहिरातीत २४ तासांची लांब पल्ल्याची सफर आणि ‘सुमारे ९० सागरी मैलांवरचे निळे पाणी’, म्हणजे ट्यूनाचा खोल समुद्र, असे शब्द होते. शेजारी २०१२ साली मेक्सिकोतील काबो सान लुकासजवळ पकडलेल्या, १९३ किलोंहून अधिक वजनाच्या विक्रमी यलोफिन ट्यूनाचा उल्लेख होता. त्या माशाचा या बोटीशी काडीचाही संबंध नव्हता, तरी वाचणाऱ्याच्या मनात जे व्हायचे ते झालेच. मी ३६ किलो क्षमतेची दोरी रीलवर भरली, मासा ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक तिच्या साधारण चौथ्या हिश्शावर, म्हणजे ९ किलोंवर तराजू लावून बसवला आणि रात्री ९ वाजता बोटीवर हजर झालो.

बोट धक्क्यावरून हलली ती ११ वाजता. जिवंत आमिष भरायला उशीर झाला, असे सांगण्यात आले. आमिषाची टाकी मी उत्सुकतेने पाहिली आणि खरे तर तिथेच सावध व्हायला हवे होते. निरोगी तारली टाकीतल्या प्रवाहाला तोंड देत एका दिशेने, एका लयीत गोल फिरत राहते. या टाकीत अर्धीअधिक तारली वाट चुकल्यासारखी कुठेही तोंड करून फिरत होती, अनेकींचे नाक घासून लाल झाले होते आणि पाठीवरचे खवले गेले होते. असली तारली गळाला लावली तर पोहून खोल जात नाही, पृष्ठभागावरच घुटमळते. आणि ट्यूनाची नजर तीक्ष्ण असल्यामुळे अशा आमिषाकडे तो क्वचितच वळतो. ज्या बोटीला खरोखर ट्यूनापर्यंत जायचे आहे, ती आमिषात काटकसर करणार नाही, हा साधा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही.

रात्री एकच्या सुमारास जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज कमी झाल्याने. बाकाची थरथर जवळजवळ थांबली होती. पुढे लाटा मोठ्या आहेत आणि वेगाने गेल्यास आमिष मरेल, असे खलाशी म्हणाला. कारण पटण्यासारखे असल्यामुळे मी पुन्हा झोपलो. सकाळी डोळे उघडले तेव्हा पाणी हिरवट होते, खोली मोजणाऱ्या यंत्रावर ६० मीटरवर तळ स्वच्छ दिसत होता आणि झेपावणाऱ्या पक्ष्यांचा थवा कुठेही नव्हता. ट्यूना कधीकधी किनाऱ्याजवळही येतो, हे मला मान्य आहे. पण आम्ही त्या भरवशावर पैसे भरले नव्हते.

खरी गंमत दुपारी कळली. १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल वेगाने ९० सागरी मैल जायला ९ तास लागतात आणि यायलाही ९ तास. रात्री ९ वाजता सफर संपवायची, तर बोटीने १२ वाजता परतीला लागायला हवे होते. ३ वाजले तरी बोट तिथेच होती, तळाचे छोटे मासे पकडणे चालू होते आणि जास्तीचा वेळ मिळाला म्हणून सहप्रवासी कप्तानाला धन्यवाद देत होते. मलाही आधी बरेच वाटले होते. मग हिशेब लक्षात आला आणि मी खिशातला फोन काढला. फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही. आदल्या रात्री हौसेखातर सुरू केलेली मार्गनोंद चालूच होती. आम्ही धक्क्यापासून ३१ सागरी मैलांवर होतो. रात्री एकनंतर रेघ जेमतेम पुढे सरकली होती आणि मग ती एकाच ठिकाणी घातलेल्या वेटोळ्यांची होती. डिझेल हा अशा सफरीतला मोठा खर्च असतो. तो आमच्या झोपेत वाचवण्यात आला होता.

मी जाब विचारला, तेव्हा कप्तानाने समुद्राच्या स्थितीकडे बोट दाखवले. धक्क्यावरच्या कार्यालयाने मी सही केलेला कागद पुढे केला. ‘मासा मिळण्याची हमी नाही’ आणि ‘मार्ग बदलण्याचा अधिकार राखीव’ ही दोन्ही वाक्ये त्यात होती. पुढच्या सफरीत सवलत देऊ, असे वर सांगितले. ती मी नाकारली.

अशी सफर ठरवणाऱ्याने म्हणून तासांसोबत अंतरही लेखी मागावे, वेळ धक्का सोडल्यापासून मोजणार की बोटीवर चढल्यापासून हे विचारावे आणि खराब समुद्रामुळे अलीकडेच थांबावे लागले तर किती पैसे परत मिळतील, ते आकड्यात लिहून घ्यावे. फोनची मार्गनोंद सुरू ठेवावी आणि ती झोपण्यापूर्वी एकदा, उठल्यावर एकदा पाहावी. माझ्यासारखी दुपारी ३ वाजता नव्हे.

नंतर मी त्या बोटीच्या पुढच्या तीन फेऱ्या घरबसल्या जहाजांच्या थेट नकाशावर पाहिल्या. बोटीचे ठिकाण कळवणाऱ्या यंत्राचे संकेत किनाऱ्यावरच्या केंद्रांना साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच नीट मिळतात, त्यामुळे खरोखर दूर गेलेल्या बोटीची रेघ त्या नकाशावर मध्येच तुटते आणि परतीच्या वेळी पुन्हा उमटते. या बोटीची रेघ तिन्ही फेऱ्यांत एकदाही तुटली नाही.