काळा धूर दिसला की लगेच "टर्बो गेला" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यांपासून सावध राहा

ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षं जुनी टर्बो डिझेल गाडी आहे (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) त्यांनी हे पूर्ण वाचा. आमच्या आप्पांना सोलापुरात ज्या पद्धतीनं फसवलं ती पद्धत ठरलेली दिसतीये, नंतर ओळखीतल्या दोघा-तिघांनी जवळपास हेच सांगितलं.

आप्पांची २०१३ ची गाडी, १.३ लिटर टर्बो डिझेल. गावात नीट चालायची, पण चार माणसं बसवून तुळजापूरचा घाट चढायला लागली की मागं काळाकुट्ट धूर आणि पिकप एकदम मेलेला, एक्सलेटर दाबला की बॉनेटखालून फुस्स असा आवाज. जागेवर उभी असताना मात्र धूर जवळपास नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणारंय.

गॅरेजवाल्यानं (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे) फिल्टरकडून टर्बोला येणारा पाइप काढला, आत बोट घालून पंख्याचा शाफ्ट हलवला आणि म्हणाला, "काका, बघा किती खेळायलाय, टर्बो खलास." मग पाइपात बोट फिरवून तेलकट बोट दाखवलं, "ऑइल पण मारायलाय, असंच चालवलात तर पंखा तुटून इंजिनात जाईल." सत्तरीचा माणूस, हे ऐकून घाबरणारच की.

खरी फसवणूक इथंच होते म्हणून नीट सांगतो. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळं इंजिन बंद असताना तो बाजूला थोडासा हलतोच, नवाकोरा टर्बो आणला तरी त्याचा पण हलतो. बघायचं असतं ते शाफ्ट पुढं-मागं सरकतो का, आणि पाती हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, घासल्याच्या खुणा आहेत का. आप्पांच्या टर्बोला ह्यातलं काहीच नव्हतं. तेलाचं म्हणाल तर इंजिनाच्या ब्रीदरची (आतली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या नळीची) वाफ त्याच पाइपात सोडलेली असते, त्यामुळं पाइपात हलका तेलकटपणा असतोच. टर्बोचं सील जाऊन ऑइल जळायला लागलं तर धूर निळसर येतो आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होत जातं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी, डिझेलच्या मानानं हवा कमी पडतीये एवढाच त्याचा अर्थ. टर्बो खराब झाला तरी हवा कमी पडते, मान्य, पण त्याच्या आधी बघायच्या स्वस्तातल्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि ह्या माणसानं एअर फिल्टर सुद्धा उघडून बघितला नाही.

"नवीन टर्बो"चे ४२ हजार रोख घेतले. जुना पार्ट मागितला तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेला. बिल म्हणून लेटरपॅडवर "टर्बो काम" एवढंच, ना पार्ट नंबर ना जीएसटी. धूर तसाच. परत गेलो तर म्हणे आता चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) बदला, ३२ हजार होतील, आणि धुराचं टेन्शन घेऊ नका, जुन्या गाडीला चालतं, पीयूसी मी काढून देतो. हे पण खोटं. २०१० साली बीएस-४ हा गाड्यांच्या प्रदूषणाचा नियम ज्या १३ शहरांत आधी लागू झालं त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूर होतं, म्हणजे इथं घेतलेली २०१३ ची गाडी बीएस-४ मध्ये येते आणि तिला पीयूसीत धुराचं लिमिट १.६२ आहे. त्याआधीच्या गाड्यांना २.४५. आमची ह्यातल्या कशातच बसत नव्हती.

नोझलला नाही म्हणालो आणि गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं एका जुन्या मेस्त्रीकडं नेली. त्यानं आधी स्कॅनर लावून घाटासारख्या लोडवर गाडी पळवली आणि बूस्टचं, म्हणजे टर्बो हवा किती दाबतोय त्याचं, रीडिंग दाखवलं, गाडीचा कॉम्प्युटर जेवढं मागतोय त्याच्या बरंच खाली. मग इनटेकचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हलकी हवा आत सोडली, जास्त प्रेशर द्यायचं नाही म्हणाला, आणि पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या रबरी होजला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बुडबुडे यायला लागले. होज काढून हातानं वाकवला तर बोटभर लांब चीर, आतल्या बाजूनं काजळी धरलेली. सरळ ठेवला की चीर मिटून जायची, दिसायची पण नाही, चढाला हवेचं प्रेशर वाढलं की उघडायची. म्हणूनच जागेवर धूर नाही आणि चढाला धूर. सेन्सर हवा मोजतो टर्बोच्या आधी, निम्मी हवा नंतर चिरेतून बाहेर, आणि कॉम्प्युटर मात्र सगळी हवा पोचली समजून तेवढं डिझेल मारतो, मग काळा धूर येणार नाही तर काय होणार. होज बाराशेचा. सोबत ईजीआर व्हॉल्व्हची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) काजळी काढली, फिल्टर बदलला. गाडी एकदम मोकळी झाली, पीयूसी पण पास.

आता सगळ्यात संतापजनक भाग. पहिल्या गॅरेजवाल्यानं "खराब" टर्बो खोलल्यावर त्याचा फोटो आप्पांना व्हॉट्सअपवर पाठवला होता. मेस्त्रीनं हीट शील्ड काढून "नवीन" टर्बोची नेमप्लेट कपड्यानं पुसली आणि मी नंबर जुळवला, दोन्हीकडं सीरियल नंबर एकच! टर्बो बदललाच नव्हता, धुऊन वरून चंदेरी स्प्रे मारून तोच परत बसवला होता.

तेव्हा कुणी टर्बो बदला म्हणालं तर काम करायच्या आधी जुन्याच्या नेमप्लेटचा फोटो स्वतः काढा, बसवताना नव्याचा काढा, जुना पार्ट परत देणार हे आधीच ठरवून घ्या आणि साबणाच्या पाण्याची ती पाइपांची प्रेशर टेस्ट केल्याशिवाय हो म्हणू नका. पक्कं बिल मागायला लाजायचं नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आम्ही आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तो माणूस पैसे परत द्यायला तयार नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात चाललोय. ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही, मुदत २ वर्षांची आहे. दोन्ही नेमप्लेटचे फोटो, तो लेटरपॅडचा कागद आणि फाटका होज सगळं फाइलला लावून ठेवलंय.