डॅक-ॲम्प चांगला, पण त्याला वीज कुठून देता यावर सगळं अवलंबून (काही महिने वापरून लिहितोय)

माझा डॅक-ॲम्प (पीसीच्या डिजिटल आवाजाचा हेडसेटसाठी सिग्नल बनवून तो मोठा करणारा छोटा डबा) सर्व्हिस सेंटरहून परत आला, सोबत एका ओळीची चिठ्ठी, "तपासणीत दोष आढळला नाही". डोकंच फिरलं, कारण पाठवताना मी रेकॉर्डिंगसुद्धा जोडलं होतं आणि त्यातली माइकची भुणभुण कुणालाही ऐकू आली असती. आता इतके महिने वापरून, एकेक वायर काढून-घालून बघितल्यावर सांगतो की डब्यात खरंच दोष नव्हता. पण म्हणून कंपनी सुटत नाही. गडबड त्यांनी बॉक्समध्ये घालून दिलेल्या दोन पिनांच्या ॲडॅप्टरमुळे होते, आणि मॅन्युअलमध्ये एक वाक्य लिहिलं असतं तर माझा आणि त्यांचाही कुरियरचा खर्च वाचला असता.

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते परत लिहित नाही. आवाज उत्तम आहे, मागून येणाऱ्या पावलांची दिशा मदरबोर्डच्या जॅकपेक्षा खूप स्पष्ट कळते, नॉब हाताला छान लागतो. झालं. आता मुद्द्याचं.

मागे दोन टाइप-सी पोर्ट आहेत, एक डेटाचा आणि एक फक्त पॉवरचा, आणि नुसत्या डेटाच्या केबलवरही डबा चालतो. माझ्याकडे तो पीसीला जोडलेला, लाइन-आउटला पॉवर्ड स्पीकर (स्वतःची वीज लागणारे), पुढे हेडसेट. पहिल्या दिवसापासून त्रास होता, फक्त तो एक आवाज नव्हता हे कळायला वेळ लागला. एक जाड घूंऽऽ, जी गेम चालू असो-नसो सारखीच राहते, ती भिंतीतल्या विजेची, ५० हर्ट्झची (काही देशांत ६०). दुसरी बारीक किर्रर्र. ही माउस हलवला की हलते, पान स्क्रोल केलं की बदलते, आणि एफपीएसला (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याला) मर्यादा न घातलेल्या गेमच्या मेनूत गेलं की ग्राफिक कार्ड पळायला लागतं तशी चढत जाते. एफपीएस ६० वर बांधले की तीच किर्रर्र खाली उतरते, म्हणजे ती हेडसेटची नाही, पीसीच्या आतली आहे हे तिथेच कळतं. तिसरा नुसता स्सस्स, तो ॲम्पच्या गेनचा (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्याचा), त्याचा विजेच्या वायरिंगशी काही संबंध नाही. तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत आणि लोक तिन्हींना "बझिंग" म्हणून एकच औषध देतात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी घूंऽऽचं सांगतो. हेडसेट कानाला लावून एकेक वायर काढत गेलो, स्पीकरची केबल काढली आणि घूंऽऽ जागच्या जागी गेली. पीसीला तीन पिनांचं अर्थिंग, स्पीकरलाही तीन पिनांचं अर्थिंग, आणि वर ऑडिओ केबलच्या जाळीतूनही दोघांचं ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) जोडलेलं, म्हणजे पूर्ण वर्तुळ झालं. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये जरासा जरी फरक असला तरी त्या वर्तुळातून करंट फिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. स्पीकरमध्ये तो जास्त ऐकू येतो, हेडसेटमध्ये कमी पण शांत सीनमध्ये नक्की. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणल्यावर घूंऽऽ जवळपास संपली. फुकटात. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कुणी कितीही सुचवलं तरी अर्थिंगची पिन कापू नका, टेप लावू नका, तीन पिनाला दोन पिनाचा जुगाड करू नका. आवाज जाईल, पण उद्या पॉवर सप्लायमध्ये काही बिघडलं तर कॅबिनेटला वीज येईल आणि तुमच्या कानावर त्याच कॅबिनेटला जोडलेली वायर असेल.

राहिली किर्रर्र. सगळीकडे सल्ला एकच मिळतो, पीसीच्या युएसबीची वीज घाण असते, बाहेरून स्वच्छ वीज द्या. पटण्यासारखं आहे, सोबतच्या ॲडॅप्टरवरही कागद चिकटवलेला होता की उत्तम आवाजासाठी हा वापरा. म्हणून तो पॉवर पोर्टला लावला. किर्रर्र थोडी बदलली, गेली नाही, आणि वर नवीन भानगड, टीममधली मुलं म्हणायला लागली की तुझ्या माइकमधून भुणभुण येतेय, म्यूट कर. पुश-टू-टॉकवर (बटण दाबलं तरच माइक चालू) कसेबसे दिवस काढले. डबा सर्व्हिसला पाठवला तो याच वेळी.

इथेच घोडं पेंड खातं. पॉवरचा पोर्ट वेगळा आहे म्हणून ग्राउंड वेगळं होत नाही! डेटाच्या केबलमध्ये चार वायर असतात, ५ व्होल्ट, डेटाच्या दोन, आणि ग्राउंड. तुम्ही ५ व्होल्ट दुसरीकडून घेतले तरी ग्राउंडची वायर पीसीला जोडलेलीच राहते, आणि पीसीचा सगळा कचरा त्या वायरवरून डब्यात येत राहतो. त्यात दोन पिनांच्या ॲडॅप्टरच्या आत भिंतीकडची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्याच्यातून अगदी किरकोळ करंट गळत असतो, धोक्याचा नाही, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की जी मुंगी येते ती हीच. हा करंट अर्थिंग शोधतो आणि डब्यातून, डेटाच्या केबलमधून, पीसीच्या अर्थिंगकडे जातो. हेडफोनला त्याचं फार वाटत नाही, पण माइकचा सिग्नल मुळात मिलिव्होल्टचा, त्याला आपण बूस्ट देतो २० नाहीतर ३० डेसिबल, आणि चार कड्यांच्या जॅकमध्ये माइक आणि हेडफोनचं ग्राउंड एकच. मग भुणभुण दहा-तीस पट होऊन पोरांच्या कानात जाणारच. हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिता येतं. त्यांनी त्या जागी आरजीबी लाइट कसे बदलायचे याची पानं घातली आहेत.

खात्री कशी पटली, तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटवरून. तोच डबा, तोच ॲडॅप्टर, फक्त युएसबी काढून ऑप्टिकल केबल लावली आणि हेडसेट एकदम शांत, इतका शांत की बंद पडला की काय म्हणून नॉब फिरवून बघितला. ऑप्टिकलमध्ये लाल प्रकाश जातो, तांब्याची वायर नाही, त्यामुळे ग्राउंड जोडलंच जात नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही गोष्ट, आणि आजचे मदरबोर्डवाले तो पोर्ट काढून टाकतात याचा मला खरंच राग येतो. माइक मात्र ऑप्टिकलवरून जात नाही, म्हणून पीसीवर चॅटसाठी हा उपाय पुरत नाही.

मग पॉवर बँक. घरात पडलेली होती, खर्च शून्य, माइकची भुणभुण तिथेच संपली. किर्रर्र थोडी राहिली, कारण डेटाची ग्राउंड वायर आहेच. काही पॉवर बँका करंट कमी लागला की आपोआप बंद होतात ते लक्षात ठेवा, आणि पॉवर बँक चार्जरला लावून वापरली तर आवाज परत येतो, चार्जरमधून तोच रस्ता पुन्हा उघडतो.

शेवटी घेतला युएसबी आयसोलेटर, काडेपेटीएवढी वस्तू, पीसी आणि डब्याच्या मध्ये लावायची. आत एडीयूएम४१६० सारखी चिप असते, ती डेटा पलीकडे पाठवते पण दोन बाजूंची ग्राउंड एकमेकांना लागू देत नाही. लावला आणि किर्रर्र गेली, माउस कितीही फिरवा, मेनूत कितीही वेळ बसा. इथपर्यंत मी हा रिव्ह्यू "आयसोलेटर घ्या आणि विसरा" असा लिहिणार होतो, पण आठवडाभरात मत बदलावं लागलं. जोराचा स्फोट झाला की आवाज क्षणभर तुटायचा. स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये पलीकडे वीज द्यायला एक वॅटचा छोटा कन्व्हर्टर असतो, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर. साध्या युएसबी २ पोर्टचीच हद्द ५०० ची असते. हाय गेनवर डब्याला २०० पुरत नाहीत. तेव्हा आता डेटा आयसोलेटरमधून आणि वीज पॉवर बँकेतून त्या दुसऱ्या पोर्टला. ज्या पोर्टवर इतका वैतागलो होतो तोच इथे कामाला आला, त्याबद्दल कंपनीला एक स्टार परत देतो.

आयसोलेटरची दुसरी अडचण वेगाची. ही चिप १२ मेगाबिटची, आणि डबा नेहमीच्या मोडमध्ये ४८० वर बोलतो, त्यामुळे आधी पीसीला तो दिसलाच नाही. यूएसी १.० मोडवर (युएसबीवरून आवाज पाठवायची जुनी, कमी वेगाची पद्धत) टाकल्यावर दिसला. त्या मोडमध्ये २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच जाता येतं, पण बहुतेक गेम ४८ वरच चालतात, त्यामुळे गेमिंगला काही फरक पडत नाही. ४८० वाले आयसोलेटर मिळतात, बरेच महाग, आणि त्यातून मला जास्त काही ऐकू आलं नसतं म्हणून घेतला नाही.

फेराइटच्या गोळ्यांवर (केबलवर बसवायच्या त्या काळ्या नळ्या) पैसे घालवू नका, त्या मेगाहर्ट्झच्या गडबडीला असतात, ५० हर्ट्झच्या घूंऽऽला त्यांचा उपयोग शून्य. ३.५ एमएमचा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर लाइन-आउट आणि स्पीकरच्या मध्ये ठीक आहे, हेडसेटच्या वायरमध्ये नको, बेस पातळ होतो आणि माइक बंद पडतो. वायरलेस हेडसेट चार्जिंगला लावून खेळताना गुणगुण येत असेल तर पॉवर बँकेवर चार्ज करून बघा. आणि आवाज तुटक येत असेल तर हेडसेटचा डाँगल (पीसीला लावायचा छोटा रिसीव्हर) युएसबी ३ पोर्टपासून लांब, एक्स्टेंशन केबलवर न्या. युएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय.

हे सगळं सर्व्हिसवाल्यांना सविस्तर लिहून पाठवलं, म्हटलं निदान मॅन्युअलमध्ये टाका की पॉवर पोर्ट वापरला तरी ग्राउंड सामाईकच राहतं. उत्तर आलं की ॲडॅप्टर वॉरंटीत येत नाही. मी वॉरंटी मागितलीच नव्हती.

सध्या ॲडॅप्टर खणात आहे, पॉवर बँक दिवसा चार्ज होते आणि संध्याकाळी डब्याला लागते. हाय गेनवर थोडा स्सस्स अजून आहे, माझा हेडसेट ३२ ओहमचा आहे, त्याला लो गेन भरपूर होतो, तिथे तोही ऐकू येत नाही.