जुन्या घड्याळांचं 'रेडियम' तपासायला घेतलेला यूव्ही टॉर्च, आठ महिने वापरून

आधीच सांगतो, 395 एनएमचा (नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी) स्वस्त टॉर्च घेऊ नका, मी घेतला होता, सगळी डायलच जांभळी दिसते आणि ल्युम (काट्यांवरचा आणि ठिपक्यांवरचा अंधारात चमकणारा लेप) स्वतः किती चमकतंय ते कळतच नाही. आता 365 वाला घेतलाय, 1400 रुपये गेले पण पैसे वसूल.

आपल्याकडे अंधारात चमकेल त्याला सरसकट रेडियमच म्हणतात, अगदी बाईकच्या स्टिकरलासुद्धा, पण घड्याळात खरं रेडियम साधारण 1960 च्या दशकापर्यंतच होतं, मग ट्रिटियम (तेही किरणोत्सर्गीच) आलं, आणि 90 च्या दशकात सुपर-ल्युमिनोवा, म्हणजे किरणोत्सर्ग नसलेलं, उजेड साठवून बराच वेळ चमकणारं ल्युम. डायलच्या खाली 'टी स्विस मेड टी' छापलेलं असेल तर ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे 1965 च्या घड्याळात जेमतेम 3 टक्के उरलंय, ते रात्री आपोआप चमकणारच नाही. टॉर्च मारला की थोडं उजळतं आणि बंद केला की बहुतेक वेळा काही सेकंदांत विझतं. रेडियमचं तर अजून वाईट, किरणोत्सर्ग 1600 वर्षांत निम्मा होतो पण आतला झिंक सल्फाइड, म्हणजे प्रत्यक्ष चमकणारी पावडर, त्याच माऱ्याने कधीच मेलेला असतो.

चोरबाजारात एका दुकानात 'टी' छापलेलं घड्याळ दाखवलं, ठिपके मस्त मधाच्या रंगाचे, मी जवळजवळ घेतलंच होतं. टॉर्च मारून बंद केला आणि हाताच्या ओंजळीत धरलं तर मिनिटभर हिरवंगार चमकत राहिलं!! म्हणजे नवीन ल्युम भरून वर जुनाट रंग दिलेला. परत ठेवलं. वाईट वाटलं खरं, डायल सुंदर होती हो.

काटे आणि ठिपके थोडे वेगळे पिवळे असतील तर लगेच नकली म्हणू नका, काट्यांवरचं मिश्रण बऱ्याचदा वेगळं असायचं. पण एक झटकन विझतंय आणि दुसरं रेंगाळतंय तर काटे बदललेत किंवा परत भरलेत. आपल्या दमट हवेत ठिपके काळे-हिरवट पडतात तेही खरं जुनेपणच, मला तर तसलेच आवडतात. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबले असतील तर रेडियमने डायलवर करपल्यासारखी सावली पडते, ती मात्र टॉर्चशिवाय साध्या उजेडातच नीट दिसते.

तक्रार एकच, बटण फार कडक आहे आणि झटक्यात बंद करून बघायचं असतं तेव्हाच अडकतं. डोळ्यात मारू नका, आणि रेडियमवाल्या घड्याळाची काच घरी उघडू नका, ती पावडर श्वासात जायला नको.