दिवाळ्याच्या धक्क्यावर महिनाभर: भाड्याने घेतलेली खाडीमापनाची उपकरणे आणि त्यांची सेवा

नवी मुंबईतील दिवाळे गावच्या धक्क्याजवळ खाडीची पातळी, क्षारता आणि गढूळपणा सलग महिनाभर नोंदवण्यासाठी आम्ही रबाळे एमआयडीसीतील एका छोट्या कार्यशाळेकडून दोन उपकरणे भाड्याने घेतली. त्यांपैकी एक पाण्याच्या दाबावर चालणारा भरतीमापक होता आणि दुसरा क्षारता, तापमान, गढूळपणा व विरघळलेला प्राणवायू एकत्र मोजणारा ‘सोंड’ (इंग्रजी sonde, म्हणजे पाण्यात सोडायचा सेन्सरांचा संच). मी नेरुळला राहतो, स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, आणि शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांबरोबर ठाणे खाडीचे संगणकीय मॉडेल तयार करत आहे. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे अंदाज खुल्या समुद्रातील लाटा आणि प्रवाह यांच्यासाठी उत्तम उपयोगी पडतात, परंतु खाडीच्या आतल्या उथळ, चिखलाच्या भागाचे मॉडेल पडताळायचे तर तिथल्याच पाण्यात उपकरण उतरवावे लागते.

कार्यशाळेतील तंत्रज्ञांनी भाड्याचा दर सांगण्याआधी नोंदी कशासाठी हव्यात ते विचारले, आणि तिथेच माझे त्यांच्याविषयी चांगले मत झाले. खर्च वाचावा म्हणून आम्ही पंधरा दिवसांचीच मागणी केली होती. भरतीतील चंद्रामुळे होणारा मुख्य चढउतार, म्हणजे घटक, १२.४२ तासांचा आणि सूर्यामुळे होणारा १२ तासांचा असतो, त्यामुळे हे दोन्ही वेगळे करायला किमान १४.७७ दिवसांची नोंद लागते, हे आम्हाला ठाऊक होते. मात्र चंद्र पृथ्वीपासून जवळ-दूर होत असल्यामुळे निर्माण होणारा आणखी एक घटक मुख्य घटकापासून सुटा करायला २७.५५ दिवस लागतात, आणि पंधरा दिवसांत एखादे वादळी वारे आले तर हाताशी असलेले एकुलते एक उधाण वाया जाते, ही बाजू त्यांनी मांडली. श्रावणाच्या सुरुवातीपासून पिठोरी अमावास्येपर्यंत उपकरणे ठेवायचे ठरले, म्हणजे नारळी पौर्णिमेचे उधाण आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरत्या, नोंदीत येणार होते. जास्त भाडे मिळावे म्हणून दिलेला हा सल्ला नव्हता, कारण महिन्याचा दर त्यांनी पंधरा दिवसांच्या दुपटीपेक्षा बराच कमी लावला.

भरतीमापकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण भाड्याने घेणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. हे उपकरण पाण्याची उंची मोजत नाही, ते आपल्यावरचा दाब मोजते, आणि त्या दाबात हवेचाही वाटा असतो. हवेचा दाब एक मिलिबारने बदलला तर पातळीत सुमारे एक सेंटिमीटरची चूक येते, आणि पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की हा दाब काही मिलिबारने सहज उतरतो. कार्यशाळेने त्यासाठी हवेत टांगायचा दुसरा लहानसा दाबमापक वेगळे पैसे न घेता दिला. दाबाची उंची करताना पाण्याची घनता लागते, आणि उपकरणात ती समुद्राच्या पाण्याची, घनमीटरला १०२५ किलो, अशी आधीच भरलेली होती. ऐन पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरते. पाणी पूर्ण गोडे झाले असे धरले, तर चार मीटर खोलीवर नुसत्या घनतेमुळे दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. आमच्याजवळ सोंडची क्षारता असल्याने आम्ही दर दहा मिनिटांची घनता काढून पातळी दुरुस्त केली. दोन्ही उपकरणे जोडीने घ्यावीत असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

उपकरणे हाती देण्यापूर्वी त्यांनी आमच्यासमोर सोंडचे प्रमाणन (कॅलिब्रेशन) केले. ५० मिलिसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात विद्युतवाहकतेचा कप (क्षारता याच वाहकतेवरून काढतात) बुडवला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, आणि आधीचे व नंतरचे वाचन कागदावर लिहून त्याखाली सही केली. गढूळपणाचा सेन्सर पाण्यातील कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्याच्या काचेवरून प्रत्येक नोंदीपूर्वी एक ब्रश फिरतो. तो ब्रश नवीन होता. प्राणवायूच्या सेन्सरने महिनाभर काही त्रास दिला नाही.

खरी कसोटी पाण्यातच लागली. भोके पाडलेल्या पीव्हीसी नळीत बसवून सोंड धक्क्याच्या खांबाला बांधला होता, आणि ठरल्याप्रमाणे पंधराव्या दिवशी तंत्रज्ञ आले. वर ओढलेल्या नळीला बोटभर रेंदा चिकटला होता, दोरीवर बार्नॅकलचा, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या लहान कवचधारी जीवांचा, थर होता, आणि तांब्याची जाळी असूनही वाहकतेच्या कपाच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी दोन बार्नॅकल बसली होती. अशी वाढ झाली की प्रवाहाची वाट अरुंद होते आणि क्षारता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. पावसानेही क्षारता उतरतच असते, त्यामुळे घसरण कशाची हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. तंत्रज्ञांनी खाडीचे पाणी बादलीत घेतले, सोंड मळका असतानाच त्यात बुडवून वाचन घेतले, मग मऊ ब्रशने कप साफ करून त्याच बादलीत पुन्हा वाचन घेतले. क्षारता जवळपास दोन एककांनी वर गेली. या दोन वाचनांमुळेच आधीच्या दिवसांची दुरुस्ती करणे आम्हाला शक्य झाले. जगभरच्या महासागरांत फिरणारे आर्गो तरंगक दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येतात आणि मधला बहुतेक काळ सुमारे १००० मीटरवरच्या थंड अंधारात काढतात, त्यामुळे त्यांच्या सेन्सरवर जीवांची वाढ फार कमी होते. आमच्या खाडीत ऊन, ऊब आणि अन्न तिन्ही भरपूर असल्यामुळे मधली भेट नसलेले भाडे इथे घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

तक्रार मात्र एक आहे आणि ती किरकोळ नाही. महिन्याअखेरीस फाईल मिळाली तेव्हा मॉडेलची भरती आणि मोजलेली भरती जवळजवळ उलटी निघाली. तळाच्या खडबडीतपणाचा, म्हणजे मॅनिंगचा, गुणांक बदलून पाहण्यात विद्यार्थ्यांच्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी आम्ही नारळी पौर्णिमेचा आलेख आमच्या होडीच्या नाखव्यांना दाखवला. त्यात सकाळी सातला भरतीचा माथा होता. ते लगेच म्हणाले, “सर, पुनवेची भरती दुपारची. सकाली साताला माजी होरी चिखलान बसली व्हती.” उपकरणाचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. मुख्य भरतीचा अर्धा फेरा ६ तास १२ मिनिटांचा असल्याने साडेपाच तासांच्या चुकीने भरतीच्या जागी ओहोटी दिसते. वेळ कोणती, याचा उल्लेख ना उपकरणावर होता ना फाईलच्या पहिल्या ओळीत. कळवल्यावर कार्यशाळेने चूक मान्य करून दुसऱ्याच दिवशी दुरुस्त फाईल पाठवली, पण ही एक ओळ सुरुवातीलाच लिहिलेली असायला हवी होती, विशेषतः शिकणाऱ्या मुलांच्या हाती नोंदी देताना.

आणखी एक गोष्ट घेणाऱ्याने गृहीत धरू नये. भरतीमापकाचे शून्य जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेशी, जोडून देणे या सेवेत बसत नाही. आम्ही महाविद्यालयाची ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) नेऊन ते काम स्वतः केले, आणि नळी खांबावरून खाली सरकलेली नाही ना हे पाहण्यासाठी उपकरणे काढण्यापूर्वी पुन्हा एकदा केले. हे जोडकाम नसेल तर पातळीचा चढउतार कळतो, पण ती पातळी नकाशातल्या तळाशी जुळवता येत नाही.

अनामत रक्कम चार दिवसांत परत आली आणि बिल व्यवस्थित होते. ऑक्टोबरमध्ये, पाणी पुन्हा खारे होत असताना, आम्ही हीच उपकरणे याच ठिकाणी लावणार आहोत. या वेळी घड्याळ भारतीय वेळेवर लावून तसे उपकरणावर लिहिण्याचे आणि साफसफाईसाठी दर दहा दिवसांनी येण्याचे कार्यशाळेने कबूल केले आहे. भेटीचा दिवस आणि वेळ नाखव्यांना विचारून, सुकती (ओहोटी) पाहून ठरवायची, हेही त्यांनी मान्य केले आहे.